मोबाईल कुणाचा, धडा कुणाचा





या अंकाचा विषय ठरवण्यासाठी आपण बसलो, तेव्हा 'ऑनलाईन शिक्षण' हे शब्द ऐकून आपल्यातल्या दोघी-तिघींनी नाकं मुरडली होती. एक ताई म्हणाल्या, "तो शिक्षण खात्याचा आणि कंपन्यांचा विषय, आपला कसा?" दुसरीनं विचारलं, "मारहाणीच्या केसेस संपत नाहीत, नि आपण मोबाईलवर अंक काढायचा?" दोघींचंही म्हणणं समजण्यासारखं आहे. पण गेली काही वर्षं मी शिरपूर जैनमध्ये आणि मालेगाव तालुक्यातल्या आसपासच्या गावांमध्ये बचत गटातल्या बायकांबरोबर काम करते आहे, आणि मला दिसतं ते असं, की बाईपर्यंत जे काही ज्ञान पोचायचं ते आता याच वाटेनं येतं. बँकेचं प्रशिक्षण मोबाईलवर. सोयाबीनवरच्या किडीची माहिती मोबाईलवर. आशाताईंची, अंगणवाडीताईंची प्रशिक्षणंही बऱ्याच अंशी मोबाईलवर. मारहाणीविरुद्ध कायदा काय सांगतो, हेसुद्धा आता शिबिराआधी मोबाईलवरच कळतं, किंवा चुकीचं कळतं. तेव्हा ही वाट कुणाची, तिच्यावर नाकं कुणी उभारलेत आणि चालणाऱ्या बाईला वाटेत कोण हटकतं, हा विषय आपला नाही तर कुणाचा?

वाशीम जिल्हा १९९८ च्या १ जुलैला अकोल्यापासून वेगळा झाला. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची 'आकांक्षित' म्हणून यादी केली, तीत महाराष्ट्रातले चार जिल्हे होते आणि त्यांत वाशीम होता. अशा जिल्ह्यांत शिक्षणाची गंगा मोबाईलमधून वाहते आहे असं भाषणांत वारंवार सांगितलं जातं. गटाच्या बैठकीत मी एकदा साधा प्रश्न विचारला, "घरात मोठा मोबाईल किती जणींच्या आहे?" जवळजवळ सगळ्यांचे हात वर. मग विचारलं, "तो दुपारी तुमच्या हातात किती जणींच्या असतो?" बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "ताई, मोबाईल तं हाये, पण तो पोराजवळ राह्यते. मले पाह्यजे असन तं त्यालेच म्हनावं लागते, लावून दे बापू." काय लावून द्यायचं हेही बापूला सांगावं लागतं. आता आईनं मुलाला काय सांगायचं? पाळी थांबताना अंगातून वाफा का निघतात त्याचा व्हिडिओ लावून दे? तुझा बाप मारतो त्याबद्दल कायदा काय म्हणतो ते लावून दे?

आकडे हेच सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी जेमतेम ३३ टक्के बायकांनी आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरलं होतं. पुरुषांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होतं. स्वतः वापरता येईल असा मोबाईल ५४ टक्के बायकांकडे होता. 'असर'च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना विचारलं गेलं. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो त्यांच्यापैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, तर मुली १९.८ टक्के. वापरता येतो, पण स्वतःचा नाही. बाईच्या हातात तवा असतो, शेत असतं, पण सातबाऱ्यावर नाव नसतं, त्यातलाच हा प्रकार.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा भरू लागले. मधल्या काळात घराघरांत काय घडलं ते आपण पाहिलं आहे. घरात एक मोबाईल आणि शिकणारी दोन पोरं असली, तर कुणाचा वर्ग चालायचा आणि कोण भाकरी थापायला बसायची हे कुणाला विचारावं लागलं नाही. पण त्याच काळातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी एमकेसीएल नॉलेज फाउंडेशननं ती तयार केली होती. घरातल्या, परसातल्या वस्तू घ्यायच्या आणि घरच्यांबरोबर शिकायचं, अशी तिची रीत. टीव्ही भिंतीवर असतो, तो कुणाच्या खिशात जात नाही. चूल सांभाळत, धाकट्याला मांडीवर घेऊन मुलीला तो बघता येत होता, आणि तिची आईही बघत होती. मोबाईलवरचा वर्ग मात्र ज्याच्या हातात फोन त्याचा. नवं यंत्र जुन्यापेक्षा जास्त खुलं असतं असं आपण धरून चालतो. बाईच्या जागेवरून पाहिलं तर पुष्कळदा उलटं निघतं.

यावर नेहमीचं उत्तर असतं, "पण ताई, सगळं फुकट आहे की!" फुकट आणि खुलं यांत फरक आहे. शिरपूरला येणाऱ्या पाहुण्याला आम्ही अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर दाखवतो. जैनांच्या दोन पंथांतल्या वादामुळे ते चाळीसहून अधिक वर्षं कुलूपबंद होतं. भाविक झरोक्यातून दर्शन घ्यायचे आणि परत जायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये दार उघडलं. त्या वादात मला पडायचं नाही. पण झरोक्यातून दिसणं वेगळं आणि उंबरा ओलांडून आत जाणं वेगळं, हे शिरपूरच्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. मोबाईलवरचे बहुतेक धडे झरोक्यातून दिसणारे आहेत. पाहा, पैसे नाहीत. पण उतरवून घेऊ नका, कापू नका, तुमच्या बोलीत आणू नका, दुसऱ्या गावी वाटू नका. सर्व हक्क राखीव.

२००२ मध्ये युनेस्कोच्या एका बैठकीत 'खुली शैक्षणिक साधनं' हा शब्दप्रयोग पुढे आला, आणि २०१९ मध्ये युनेस्कोनं त्यावर सगळ्या सदस्य देशांसाठी शिफारस मंजूर केली. त्यामागचा विचार अगदी घरगुती आहे. धडा आपल्याकडे ठेवून घेता यावा, हवा तिथे वापरता यावा, आपल्या गरजेप्रमाणे बदलता यावा, दुसऱ्या धड्यात मिसळता यावा आणि पुढे वाटता यावा, आणि ही परवानगी करणाऱ्यानं आधीच लिहून द्यावी. शेजारणीकडून विरजण आणावं, आपल्या दुधाचं दही लावावं, तिसरीला वाटीभर द्यावं. पहिलीचं काही कमी होत नाही. आपल्या सरकारनंही ऑगस्ट २०१३ मध्ये खुल्या शैक्षणिक साधनांचं राष्ट्रीय भांडार सुरू केलं होतं. मराठी विश्वकोशाचे खंड आज कुणालाही घरबसल्या वाचता येतात, ही तर आपल्या भाषेपुरती फार मोठी गोष्ट आहे. आणि 'मुक्त' हा शब्द महाराष्ट्रातल्या बायकांना युनेस्कोनं शिकवला नाही. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. ज्यांची शाळा लग्नामुळे सुटली त्या कितीतरी जणी पूर्वतयारीची परीक्षा देऊन पदवीपर्यंत गेल्या. आमच्या भागात आजही एखादी सांगते, "मी मुक्तमधून केलं," आणि सांगताना मान ताठ होते.

बदलता यावा, हा मुद्दा मी जरा लांबवणार आहे, कारण सगळं तिथे अडतं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झाला. त्यावर एका मोठ्या संस्थेनं केलेली मराठी फिल्म आम्ही गटात दाखवली. चांगली फिल्म, माहिती बिनचूक. पण 'पीडित व्यक्ती', 'निवासी आदेश', 'प्रतिवादी' असे शब्द एकापाठोपाठ येऊ लागले. फिल्म संपल्यावर मागून आवाज आला, "पीडित म्हंजे आजारी का वो ताई?" मग आम्ही बसून बोललो. घर कुणाच्याही नावावर असलं तरी नवऱ्याबरोबर ज्या घरात राहिली त्या घरातून तिला कायद्याची रीत सोडून हाकलता येत नाही, हे ऐकल्यावर एक शांतपणे म्हणाली, "हे मले आंधी कोनं सांगतलंच नाई." फिल्ममध्ये ते सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं.

तेव्हा ठरलं, हाच धडा वऱ्हाडीत करू, बायकांच्याच आवाजात. त्या संस्थेला पत्र लिहिलं, की तुमची चित्रं वापरून आवाज आमचा घालू का? तुमचं नाव देऊ, एक पैसा घेणार नाही. उत्तर आलं, की साहित्यात बदल करण्याची परवानगी देता येत नाही. ज्या संस्थेनं समाजाच्या पैशातून बायकांसाठी फिल्म केली, तिला त्या बायकांच्या बोलीची भीती वाटावी हे मला विचित्र वाटतं. दर्जा घसरेल, असं त्यांचं म्हणणं. कुणाचा दर्जा? असो. कायद्याचा मूळ मजकूर आपल्या विवेचनासह छापायला, वाचायला कुणाची परवानगी लागत नाही, अशी सोय आपल्या कॉपीराइट कायद्यातच आहे. आम्ही तिथून सुरुवात केली.

बायका नुसत्या ऐकणाऱ्या राहत नाहीत तेव्हा धडाच बदलतो, याचे दाखले आपल्या चळवळीत इंटरनेटच्या आधीपासून आहेत. १९७० मध्ये बोस्टनमधल्या काही जणींनी आपल्या शरीराबद्दल एकमेकींना शिकवता शिकवता स्वस्त कागदावर एक पुस्तिका छापली. तीच पुढे 'अवर बॉडीज, अवरसेल्व्ह्ज' या नावानं जगभर गेली, आणि देशोदेशींच्या बायकांनी ती आपापल्या परीनं बदलून घेतली. आपल्याकडे राजस्थानातल्या खेड्यांतल्या बायकांनी 'शरीर की जानकारी' केलं. काली फॉर विमेननं १९८९ मध्ये ते छापलं, आणि त्याच्या लेखिका म्हणून ७५ बायका आहेत. आधीच्या मसुद्यातली उघडी चित्रं पाहून गावातल्या बायका म्हणाल्या, की आमच्या गावात कुणी असं दिसतं का? मग चित्रातल्या बाईला घागरा आला, आणि तो कागदी घागरा उचलला की आतलं शरीर दिसू लागलं. शहरातल्या कोणत्या तज्ज्ञाला हे सुचलं असतं? आणखी मागे जायचं तर १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिणारी मुक्ता ही जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनीच होती. तिच्या शिक्षकांनी तिला नुसतं वाचायला शिकवलं असतं तर तो निबंध कुठून आला असता?

अलीकडचं उदाहरण रणजितसिंह डिसले गुरुजींचं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या या शिक्षकाला डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. १० लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटून टाकली, आणि वर्तमानपत्रांनी त्याचं योग्य ते कौतुक केलं. पाठ्यपुस्तकाला जोडलेल्या क्यूआर कोडचंही कौतुक झालं. माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट त्याआधीची आहे. पुस्तकाची भाषा पोरींच्या घरची भाषा नाही हे त्यांनी ओळखलं आणि पुस्तक कन्नडमध्ये नेलं. कोड नंतर आला.

आणि याच्या नेमकं उलट काय असतं, तेही आपण पाहिलं आहे. २०२१ मध्ये अंगणवाडी सेविकांवर 'पोषण ट्रॅकर' हे अॅप आलं. मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या बाईला इंग्रजीत माहिती भरायला सांगितली, आणि ती भरायला दिलेले मोबाईल सारखे बंद पडणारे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभर सेविकांनी मोर्चे काढून ते मोबाईल सरकारला परत केले. 'बायकांना तंत्रज्ञान नको असतं' असा त्याचा अर्थ लावणारे महाभाग तेव्हाही भेटले. ज्या बाईला रोज तीस-चाळीस मुलांची वजनं, उंच्या, गैरहजेऱ्या तोंडपाठ असतात, तिला अॅप कसं असावं हे कुणी विचारलं असतं तर?

आता अवघड भाग.

वाटून घेणं चांगलं, असं म्हणणं सोपं आहे. पण बाई शिकते तेव्हा ती स्वतःचं काहीतरी सांगून शिकते. आपल्या शिबिरात गोल करून बसतो, दार लावतो, मग एकीचं दुसरीला ऐकू येतं, आणि त्या ऐकण्यातूनच कायदा कळतो, शरीर कळतं. हा गोल ऑनलाईन नेला की दार कुठे असतं? दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका प्रशिक्षणात आमच्याकडची एक बाई मोबाईलवरून सामील झाली होती. बोलण्याच्या भरात तिनं घरचं सांगितलं. प्रशिक्षण देणाऱ्यांनी ते रेकॉर्ड केलं होतं, आणि 'ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी' म्हणून गटांवर टाकलं. हेतू वाईट नव्हता. खुलेपणाच्याच उत्साहात टाकलं. फिरत फिरत तो आवाज तिच्या दिरापर्यंत पोचला. पुढं तिला काय सोसावं लागलं ते मी लिहिणार नाही, कारण ते लिहिणं म्हणजे तोच प्रकार पुन्हा करणं. समाजकार्य शिकताना पहिल्या वर्षी आम्हाला शिकवतात, की केसची नोंद कपाटात आणि किल्ली आपल्याकडे. ऑनलाईनच्या उत्साहात हे कपाट लोक विसरतात.

यावर घरातल्या पुरुषांकडे एक तयार उपाय असतो. बाईच्या हातात मोबाईलच नको. मुलीच्या तर नकोच. तिच्याच सुरक्षिततेसाठी! हा उपाय आपल्याला ठाऊक आहे, शतकानुशतकं ठाऊक आहे. केरळमधल्या एका कॉलेजच्या वसतिगृहात मुलींना संध्याकाळी सहा ते दहा मोबाईल वापरायला बंदी होती. फहीमा शिरीन या विद्यार्थिनीनं ती मानली नाही, तिला वसतिगृहातून काढलं, आणि ती उच्च न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ ला केरळ उच्च न्यायालयानं निकाल दिला, की इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. शिक्षण आणि खासगीपणा, हे दोन्ही एकाच निकालात एका दमात आले, हे मला फार मोलाचं वाटतं. कारण आपल्याला नेहमी यातलं एक निवडायला सांगतात. शिकायचं असेल तर सगळ्यांसमोर ये, नाहीतर घरात बस. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची संमती सांगितली आहे. सतरा वर्षांच्या मुलीला आपल्या शरीराबद्दल शिकायचं असेल तेव्हा ती 'पालकांची संमती' प्रत्यक्षात कुणाची असते, हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून आपल्या बैठकीत खूप वाद होऊन जे ठरलं ते इथे मांडते. या अंकापासून आपल्या मासिकात जे जे शिकवण्यासाठी म्हणून छापलं जाईल, म्हणजे कायद्याची माहिती, आरोग्याचे धडे, शिबिराचे आराखडे, खेळ, चित्रं, ते सगळं कुणाही गटाला उतरवून घ्यायला, छापायला, वाचून रेकॉर्ड करायला आणि आपल्या बोलीत बदलायला मोकळं आहे. आपलं नाव द्यावं, आणि बदललेलंही पुढच्यांसाठी तसंच मोकळं ठेवावं, एवढंच. विचारायची गरज नाही, कळवलंत तर आनंद होईल. अनुभवकथनं मात्र यात येत नाहीत. ती त्या त्या बाईची आहेत. ती इथं छापायला दिली म्हणजे सगळीकडे फिरवायला दिली असा अर्थ होत नाही. दर वेळी तिला विचारायचं, आणि ती नाही म्हणाली तर कारण विचारायचं नाही.

यावर दोन मैत्रिणींचा विरोध नोंदवणं माझं काम आहे. एकीचं म्हणणं, आपण कष्टानं तयार केलेले धडे उद्या एखादी कंपनी उचलून विकेल. ही भीती खोटी नाही. 'व्यापारासाठी नाही' अशी अट घालता येते, पण मग वीस रुपये घेऊन पुस्तिका विकणारा बचत गटसुद्धा व्यापारी ठरतो का, यावर आमचं एकमत झालेलं नाही. दुसरीचं म्हणणं जास्त टोचणारं आहे. अनुभव बाजूला काढला की उरतो तो कोरडा धडा, तोच 'पीडित व्यक्ती'वाला. बायका एकमेकींच्या जगण्यातून शिकतात, कलमांतून शिकत नाहीत. तिचं मला निम्मं पटतं. पण बाईचं जगणं तिच्या संमतीशिवाय दुसरीचा धडा होऊ शकत नाही, इथे मी हटणार नाही.

ऑनलाईन वर्ग घेणाऱ्या कार्यकर्त्यांनाही काही सांगायचं आहे. रेकॉर्डिंग आपोआप सुरू करू नका. चेहरा दाखवायची सक्ती करू नका. मागे कुणाचं घर, कुणाची सासू दिसते आहे हे तुम्हाला कळत नाही. गट केला की प्रत्येकीचा नंबर शंभर अनोळखी लोकांना मिळतो, तेव्हा आधी विचारा. वर्गाची वेळ ठरवताना तुरीच्या सोंगणीचे दिवस आणि रात्रीच्या स्वयंपाकाची वेळ बघा. आणि जमेल तिथे नुसता आवाज पाठवा. बटणाच्या मोबाईलमध्येही तो कार्डावर भरून देता येतो. तो मोबाईल बहुधा बाईकडेच असतो, कारण तो कुणालाच नको असतो.

शिरपूरचा वऱ्हाडी धडा आता तयार होत आला आहे. बारा जणींनी त्यात आवाज दिला. गावात बसून ऐकताना त्यांनीच दोन ठिकाणी थांबवलं आणि 'हे असं कोनी बोलत नाई' म्हणून वाक्यं बदलायला लावली. नावांच्या वेळी मात्र खोळंबा झाला. आठ जणींनी नावं दिली. तिघींनी आवाज ठेवा, नाव नको, असं सांगितलं, आणि तसंच होईल. बारावीनं दोन दिवस मागितले, मग आणखी आठ. नाव द्यायचंच आहे तिला, पण कोणतं, सासरचं की माहेरचं, की नुसतं स्वतःचं, हे ठरत नाहीये. तिची जागा कोरी ठेवून बाकीची यादी लिहून ठेवली आहे.